तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का? : लोकमान्यांचा पासपोर्ट आणि बाबांचा फॉर्म

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर एक हात कडीला असू द्या. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या लालबागच्या घरात, एका मोबाइलच्या स्क्रीनवर झाली.

माझी ताई अमेरिकेत असते. तिला बाळ होणार आहे. आई-बाबांनी तिकडे जावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून एका रविवारी दुपारी मी बाबांचा व्हिसाचा फॉर्म भरायला बसले. डीएस-१६० म्हणतात त्याला. नाव, गाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आधी कुठे गेला होतात, कोणाकडे उतरणार. बाबा उत्तरं देत होते, मी टाइप करत होते. मग प्रश्न आला. अर्थ असा, की तुम्हाला कोणत्याही गुन्ह्यासाठी कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, पुढे माफी मिळाली असली तरीसुद्धा?

मी न विचारताच 'नाही'वर बोट ठेवणार होते. आमचे बाबा म्हणजे सिग्नल लाल असेल तर रिकाम्या रस्त्यावरही थांबणारा माणूस.

बाबा म्हणाले, "थांब जरा."

आणि मग एकदम गप्प बसले. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "सांगा आता. किती वर्षं झाली त्याला."

बाबांना शिक्षा झाली होती. १९८२ च्या संपात. हे मला माहीतच नव्हतं. बाबांची गोष्ट शेवटी सांगते. कारण त्या रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसले, आणि मला आपल्याच मुंबईतला एक माणूस सापडला ज्याच्यावर दोन मोठ्या शिक्षांचा शिक्का होता आणि ज्याला विलायतेला जायचं होतं. तुम्ही सगळे त्याला ओळखता. गिरगाव चौपाटीवर त्याचा पुतळा आहे.

शिक्षा क्रमांक एक आणि दोन

बाळ गंगाधर टिळक. आपण शाळेत शेंगांची टरफलं आणि 'स्वराज्य' एवढं शिकतो. आज आपण त्यांच्याकडे व्हिसाच्या काउंटरमागून बघू या.

पहिली मोठी शिक्षा १८९७. पुण्यात प्लेगचा काळ, रँडचा खून झालेला, आणि 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी कोर्टात उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा. जामीन मिळाला, पण खटल्यात शिक्षा झाली, १८ महिने सक्तमजुरी. मुदत संपायच्या आधी, १८९८ च्या सप्टेंबरमध्ये ते सुटले.

दुसरी मोठी शिक्षा १९०८. मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, त्यावर 'केसरी'त लेख आले, आणि २४ जून १९०८ ला टिळकांना मुंबईत पकडलं. कुठे? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. आजही ती इमारत आहे, तुम्ही खालून शंभर वेळा गेला असाल. जामिनासाठी यावेळी बॅरिस्टर होते मोहम्मद अली जिना. आणि समोर न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण? तेच दिनशा दावर. अकरा वर्षांत वकिलाचा न्यायमूर्ती झाला होता. जामीन नाकारला. २२ जुलैच्या रात्री नऊ जणांच्या ज्यूरीनं सात विरुद्ध दोन असा 'दोषी' निकाल दिला आणि दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता.

आता आपला एरिया येतो. शिक्षेची बातमी परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरण्यांत पोचली आणि साचे थांबले. सहा वर्षांची शिक्षा म्हणून सहा दिवस संप. ज्या रस्त्यावर आज आपण गणपतीच्या रांगेत उभे असतो, त्या भागात तेव्हा लष्कर आणलं होतं, गोळीबार झाला, कामगार मेले. त्या संपाची दखल तिकडे युरोपात बसलेल्या लेनिननं त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली. भारतातला कामगारांचा पहिला मोठा राजकीय संप म्हणून तो ओळखला जातो. पगारवाढ नाही, बोनस नाही, एका माणसाला शिक्षा झाली म्हणून.

टिळक मंडालेला गेले आणि जून १९१४ मध्ये परत आले. म्हणजे रेकॉर्डवर काय? राजद्रोहात दोन वेळा दोषी, त्या दोन्ही शिक्षा मिळून साडेसात वर्षं. ही फाइल घेऊन माणूस पासपोर्ट मागायला निघाला.

पासपोर्ट ही गोष्टच नवी होती

इथे एक थांबा घेऊ. कारण आपल्याला वाटतं पासपोर्ट जणू शिवकाळापासून आहे. तसं नाही. १८८८ मध्ये गांधी मुंबईहून बोटीत बसून लंडनला गेले, १८९३ मध्ये विवेकानंद मुंबईहूनच निघाले, तेव्हा सर्वसाधारण प्रवाशाला पासपोर्ट सक्तीचा नव्हता. तिकिटाचे पैसे असले आणि घरच्यांनी, जातवाल्यांनी अडवलं नाही तर तुम्ही जाऊ शकत होता.

पहिलं महायुद्ध आलं आणि जगभर दारं लागली. हेर येतील, बंडखोर जातील ही भीती. आपल्याकडे १९१७ साली 'डिफेन्स ऑफ इंडिया पासपोर्ट रूल्स' आले आणि बोटीवर चढायचं तर सरकारचा कागद लागायला लागला. सगळ्यांना वाटलं, युद्धापुरतं आहे. युद्ध संपलं, आणि १९२० मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. दार कायमचं बसलं.

टिळकांचा अर्ज अगदी या नव्या नियमांच्या पहिल्या काळातला आहे. म्हणून ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'या माणसाला बाहेर जाऊ द्यायचं का' हा प्रश्न सरकारनं कागदावर विचारायला नुकती सुरुवात केली होती, आणि समोर देशातला सगळ्यात प्रसिद्ध शिक्षा झालेला माणूस उभा होता.

एक माणूस, एकच रेकॉर्ड, तीन उत्तरं

पहिलं उत्तर : एप्रिल १९१८. होमरूल लीगचं शिष्टमंडळ इंग्लंडला जाऊन हिंदुस्थानची बाजू मांडणार होतं. टिळक, दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर, बिपिनचंद्र पाल. हिंदुस्थान सरकारनं पासपोर्ट दिले. मंडळी मार्चअखेर पुण्याहून निघाली, मद्रासमार्गे कोलंबोला पोचली. जागोजागी हारतुरे. आणि कोलंबोत बोटीची वाट बघत असताना लंडनहून आदेश आला. ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळानं सगळ्यांचे पासपोर्ट रद्द केले. मुकाट परत फिरावं लागलं.

इथे एक बारकावा आहे. कारण 'तुम्ही शिक्षा भोगलेले आहात' हे नव्हतं. पासपोर्ट सगळ्यांचेच रद्द झाले, आणि त्यात कधीही तुरुंगात न गेलेले लोकही होते. कारण होतं युद्ध. अशा वेळी ही माणसं लंडनमध्ये सभा घेत फिरायला नकोत, एवढंच.

दुसरं उत्तर : सप्टेंबर १९१८. मधल्या काळात काही प्रेम वाढलं नव्हतं. १० जूनला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये युद्ध परिषद झाली, तिथे गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांचं भाषण मध्येच थांबवलं आणि टिळक उठून बाहेर पडले. तरी चार महिन्यांत त्यांना इंग्लंडची परवानगी मिळाली. कशी? कारण यावेळी जाण्याचं कारण वेगळं होतं. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या, 'द टाइम्स'शी संबंधित पत्रकारानं १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' पुस्तकात टिळकांचा संबंध हिंसाचाराशी जोडला होता. टिळकांनी त्याच्यावर लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. आता फिर्यादी माणसालाच कोर्टात येऊ दिलं नाही, तर ब्रिटिश न्यायाची शोभा होते. म्हणून परवानगी दिली. पण अट घातली : राजकीय चळवळ करायची नाही. टिळकांनी अट मान्य केली. शहरात इन्फ्लुएंझाची साथ होती, समुद्रात पाणबुड्यांची भीती होती, वय बासष्ट होतं, मधुमेह होता. ते निघाले. ऑक्टोबरअखेर लंडनला पोचले, आणि दोन आठवड्यांच्या आत युद्ध थांबलं. त्यानंतर त्यांनी ती अट उठवून घेतली, आणि मग १९१९ मध्ये भरपूर सभा केल्या, पार्लमेंटच्या समितीपुढे होमरूल लीगतर्फे साक्षही दिली.

तिसरं उत्तर : १९१९. पॅरिसला शांतता परिषद भरली होती. काँग्रेसनं आपले प्रतिनिधी म्हणून निवडलेल्यांत टिळकांचं नाव होतं. टिळक लंडनमध्येच होते, मध्ये फक्त खाडी. सरकारनं पॅरिसचा पासपोर्ट नाकारला. शेवटी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवलं. स्वतः जाता आलं नाही, कागद गेला.

बघा हं. साधारण एका वर्षात तीन उत्तरं : नाही, हो पण अटीवर, आणि पुन्हा नाही. माणूस तोच, शिक्षा त्याच. बदलत काय होतं? कुठे जायचंय, कशासाठी जायचंय, आणि समोरच्याला त्या क्षणी कशाची भीती वाटतेय. व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. रेकॉर्ड हा प्रश्नाचा एक भाग असतो. उत्तर ठरवताना बाकीचंही तोललं जातं.

दार उघडलं, पण फाइल आत आली

चिरोल खटल्याचं काय झालं? २९ जानेवारी १९१९ ला सुनावणी सुरू झाली, न्यायमूर्ती डार्लिंग. टिळकांकडून सर जॉन सायमन. हेच पुढे सायमन कमिशनवाले, ज्यांना आपण 'परत जा' म्हणालो. चिरोलकडून एडवर्ड कार्सन, त्या काळचा उलटतपासणीचा बादशहा. कार्सनचं मुख्य हत्यार काय असेल? जुन्या शिक्षा. दोन वेळा राजद्रोहात दोषी ठरलेल्या माणसाची अब्रू ती काय, आणि तिचं नुकसान ते काय, असा तो एकंदर सूर. २१ फेब्रुवारीला निकाल लागला. टिळक हरले. लाखो रुपये गेले, घरदार गहाण पडायची वेळ आली, लोकांनी वर्गणी काढून भार उचलला.

म्हणजे समुद्र ओलांडता आला तरी रेकॉर्ड किनाऱ्यावर राहत नाही. ते तुमच्यासोबत बोटीत बसतं.

पण दुसरी बाजूही सांगते. लंडनमध्ये माइडा व्हेल भागात, हॉवली प्लेस नावाच्या रस्त्यावर दहा नंबरच्या घरात टिळक राहत होते. त्या घरावर आज लंडनची ती प्रसिद्ध निळी पाटी आहे. आणि इथे मुंबईच्या हायकोर्टात, जिथे त्यांना दोषी ठरवलं, तिथे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते टिळकांच्या त्या दिवशीच्या शब्दांची शिळा लावली गेली. शिक्षेचा कागद तोच राहिला. वाचणारे बदलले.

दुसरा मुंबईकर

टिळक फार मोठे, त्यांचं उदाहरण आपल्याला कसं लागू, असं कोणी म्हणेल. तर एक कमी आठवला जाणारा मुंबईकर घ्या. शापूरजी सकलातवाला. जन्म मुंबईत, १८७४. आई जमशेटजी टाटांची बहीण. १९०५ मध्ये इंग्लंडला गेले, तिथे कामगार चळवळीत शिरले आणि १९२२ मध्ये लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून खासदार झाले. कम्युनिस्ट खासदार, तेही टाटांचा भाचा!

१९२५ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या एका शिष्टमंडळासोबत ते अमेरिकेला जाणार होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला. तेव्हा त्यांच्यावर एकही शिक्षा नव्हती! शिक्षा पुढच्या वर्षी झाली. मे १९२६, इंग्लंडमधला सार्वत्रिक संप, हाइड पार्कमधलं भाषण, दोन महिने तुरुंग. सुटले, आणि जानेवारी १९२७ मध्ये मुंबईला आले. म्हणजे शिक्षा झाल्यावर येता आलं. मग त्यांच्या इथल्या सभांची गर्दी बघून सरकारचा विचार बदलला आणि त्याच वर्षी त्यांच्या पासपोर्टावरची हिंदुस्थानची परवानगी काढून घेतली. १९३६ मध्ये ते लंडनमध्ये वारले. ज्या शहरात जन्म झाला तिथे त्यांना पुन्हा येता आलं नाही.

रेकॉर्ड कोरं असताना दार बंद, रेकॉर्ड असताना दार उघडं, मग पुन्हा बंद. कळलं ना मी काय म्हणतेय ते?

आजचे टिळक फॉर्म भरतात

आता थोडा खेळ. समजा आज एखाद्यानं टिळकांसारखं रेकॉर्ड घेऊन अर्ज केला. काय होईल?

आधी आपला पासपोर्ट. १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, मग पासपोर्ट कायदा आला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यानं ते आणखी पक्कं केलं. या कायद्यात शिक्षेबद्दल काय आहे? अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात, दोन वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेला १९१८ मध्ये दहा वर्षं झाली होती. या एका कलमापुरते ते सुटले असते. खटला चालू असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोर्टाची परवानगी आणावी लागते.

पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसा नाही. अमेरिकेच्या कायद्यात नैतिक अधःपतनाचे गुन्हे प्रवेशाला आड येतात, आणि अनेक शिक्षा मिळून पाच वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल तरीही. पण दोन्हीकडे एक अपवाद लिहिलेला आहे : निव्वळ राजकीय गुन्हा. साडेसात वर्षांवाले टिळक तिथे वाद घालू शकले असते, आणि ते वाद घालण्यात कच्चे नव्हते. छोट्या गुन्ह्यासाठीही एक सूट आहे. एकच गुन्हा असेल, त्याला कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षाचीच कैद असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांवर गेली नसेल, तर तो आड येत नाही. शिवाय पर्यटक व्हिसासाठी माफीचा अर्ज करण्याची सोयही आहे.

इंग्लंडचे आजचे नियम कडक आहेत. बारा महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेल्याचा अर्ज सहसा नाकारलाच जातो. म्हणजे ज्या लंडनमध्ये टिळकांची निळी पाटी आहे, तिथे तसं रेकॉर्ड असलेला माणूस आज बहुधा विमानात चढू शकणार नाही! ऑस्ट्रेलियातही बारा महिन्यांची रेघ आहे. कॅनडात काही गुन्ह्यांना, शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं झाली की माणूस सुधारला असं कायदाच मानतो. एकाच शिक्षेला प्रत्येक देशाची वेगळी पट्टी.

पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. खोटं बोललात तर ती नवी आणि बहुतेकदा मोठी चूक ठरते. अमेरिकेत व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट लपवली असं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. म्हणजे ज्या जुन्या छोट्या शिक्षेनं कदाचित काहीच बिघडलं नसतं, तिच्यासाठी मारलेली थाप आयुष्यभर आडवी येते.

बाबांची गोष्ट

आता घरी परत येऊ.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठहून जास्त गिरण्या, जवळजवळ अडीच लाख कामगार. बाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे, साचे खात्यात बदलीवर. कायम व्हायची वाट बघत होते. संप लांबला, गावाला जाणारे गेले, उरले ते गेटवर. एका सकाळी कामावर जाणाऱ्यांना अडवायला गर्दी जमली, पोलिसांनी गाडीत भरलं, त्यात बाबा. कलम १४३, बेकायदा जमाव. दोन वर्षांनी तारीख लागली. वकिलानं सांगितलं, "कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." बाबांनी कबूल केलं. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि पन्नास रुपये दंड. संध्याकाळी घरी.

"ती शिक्षा असते हे मला माहीतच नव्हतं गं," बाबा म्हणाले. "मला वाटलं पावती फाडली."

पण मनात त्यांना माहीत असणारच. नाहीतर चाळीस वर्षं आम्हाला सांगितलं का नाही? मी विचारलं. ते म्हणाले, "नोकरी गेली, गिरणी गेली. वर पोरींना काय सांगू, बाप कोर्टात उभा होता?"

आम्ही ज्याच्याकडून फॉर्म तपासून घेत होतो त्या एजंटनं दोन मिनिटांत निकाल दिला. "नाही लिहा. एवढं जुनं कोण बघतंय?" आई त्याच्या बाजूची होती. ताई फोनवर रडत म्हणाली, काहीही लिहा पण बाबांना पाठवा. खरं सांगते, माझंही बोट दोन दिवस 'नाही'वरच होतं. 'होय' लिहिलं आणि नाकारलं तर? बाळ मोठं होईल, बाबा व्हिडिओ कॉलवरच आजोबा राहतील. ही भीती खोटी नव्हती.

शेवटी मी बाबांना टिळकांचं सगळं सांगितलं. तीन उत्तरं, अट, कार्सन, निळी पाटी. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या गिरणीतले म्हातारे सांगायचे, त्यांच्या बापांनी टिळकांसाठी सहा दिवस साचे बंद ठेवले होते." थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांनी कधी लपवलं नाही ना?"

बाबा टिळक नाहीत. आणि मला हेही सांगायचंय की रेकॉर्ड असलेला प्रत्येक जण संपात किंवा चळवळीतच पकडलेला नसतो. कुणी तरुणपणी मारामारी केलेली असते, कुणी खरंच चोरी केलेली असते, आणि शिक्षा भोगून झालेली असते. फॉर्मवरच्या चौकोनाला हा फरक कळत नाही. तो फक्त हो की नाही विचारतो. फरक सांगायची जागा त्याच्या खालच्या रकान्यात असते. आणि वर 'होय' लिहिल्याशिवाय तो खालचा रकाना उघडतच नाही.

आम्ही 'होय' लिहिलं. खाली चार ओळी : साल, कलम, शिक्षा, दंड. मग कागद. हे ज्यांना लागेल त्यांच्यासाठी सांगते. कोर्टात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करायचा. एवढं जुनं रेकॉर्ड कित्येकदा शिल्लक नसतं, तेव्हा तसं लेखी मागून घ्यायचं. कायद्याच्या पुस्तकातल्या त्या कलमाची प्रत जोडायची, म्हणजे जास्तीत जास्त शिक्षा किती होती ते दिसतं. पोलीस क्लिअरन्स लागलाच तर पासपोर्ट सेवेच्या वेबसाइटवरून अर्ज होतो. आणि प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर एजंट नको, त्या देशाचा कायदा जाणणारा वकील गाठा. माझा पॉडकास्ट म्हणजे कायद्याचा सल्ला नव्हे.

मुलाखतीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. खिडकीपलीकडच्या माणसानं विचारलं, हे १९८४ चं काय आहे? बाबांनी मराठीत सांगितलं, दुभाष्यानं इंग्रजीत. गिरणी, संप, गेट, पन्नास रुपये. कागद ठेवून घेतले, पुढची तपासणी होईल म्हणाले. अजून उत्तर आलेलं नाही. ताईची तारीख पुढच्या महिन्यात आहे. येईल ते येईल.

पण एक झालं. मुलाखतीहून परत येताना बाबांनी टॅक्सी परळला थांबवायला लावली. जिथे त्यांची गिरणी होती तिथे आता काचेचा टॉवर आहे. फुटपाथवर उभं राहून ते मला दाखवत होते, इथे गेट होतं, इथे आम्ही बसायचो, गाडी त्या बाजूनं आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रेकॉर्ड कोर्टात सापडलं नाही, पण ते त्यांच्याकडे सगळं होतं.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले, त्याच सरदारगृहात जिथे त्यांना बारा वर्षांपूर्वी पकडलं होतं. भर पावसात लोक गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेले. त्या गर्दीत १९०८ च्या संपातले गिरणी कामगार नक्की असणार. त्यांच्यातल्याही कितीतरी जणांवर केसेस झाल्या असतील, आणि त्यांनीही घरी सांगितलं नसेल.

तुमच्याही घरात असा एखादा न भरलेला रकाना असेल. आजी-आजोबांना, आई-बाबांना विचारून बघा. व्हिसासाठी नको, सहज विचारा.

आजच्यापुरतं एवढंच. बाबांचं उत्तर आलं की सांगेन. भेटू पुढच्या भागात.